जास्वंदीवर पांढरा कापूस, मिरचीला बोकड्या: नीमतेल मारूनही फरक का पडत नाही?

गच्ची_कोथरूड

नमस्कार मंडळी. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर गच्ची आहे, सकाळपासून दुपारी तीनपर्यंत ऊन. १४ इंची कुंड्यांत दोन जास्वंदी, १२ इंचीत चार मिरच्या, शिवाय कढीपत्ता, लिंबू, तुळस आणि थोडी पालेभाजी. माती, शेणखत आणि कोकोपीट सारख्या प्रमाणात.

जास्वंदीच्या शेंड्यांवर आणि पानांच्या बगलेत कापसासारखं पांढरं चिकटलंय. शेंडे गुच्छासारखे आखडलेत, कळ्या पिवळ्या पडून गळतात. खालची पानं चिकट झाली आणि त्यांवर काळी काजळी धरली. काळ्या मुंग्यांची रांग कायम चालू. मिरचीची नवी पानं वाकडी-तिकडी येतात, फुलं गळतात.

नर्सरीतून आणलेलं नीमतेल पाण्यात टाकून सकाळी फवारलं, तीनदा झालं. कापूस जागच्या जागी आहे, उलट काही पानांच्या कडा करपल्या. फुलं देवाला वाहतो, मिरची आणि कढीपत्ता रोज स्वयंपाकात जातो आणि घरात लहान मूल आहे, म्हणून रासायनिक औषध आणायचं नाही. दशपर्णी अर्क (दहा झाडांचा पाला आंबवून केलेलं कीडनाशक) घरी करावा का? आणि नीमतेलाचं नेमकं काय चुकतंय?

---

पाचट

जास्वंदीवरचा तो पिठ्या ढेकूण आहे, शंका नको. शेंडे गुच्छासारखे आखडणं ही त्यातल्या गुलाबी जातीची खूण: रस शोषताना तो लाळेतून विषारी द्रव्य सोडतो, त्यामुळे शेंड्याची वाढ खुंटते आणि पानं मुरडून एकमेकांत अडकतात. एखादा ढेकूण काडीनं चिरडून बघा. आतून लालसर-गुलाबी पाणी आलं तर ही जात, पिवळं आलं तर बहुधा पपईवरचा पिठ्या, तोही जास्वंदीवर येतो. उपाय दोघांना सारखाच.

फवारणी का लागू पडत नाही ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. मादीच्या अंगावर मेणाची पूड असते, पाणी त्यावरून ओघळून जातं. तो कापूस म्हणजे मेणाच्या धाग्यांची अंड्यांची पिशवी, एकेकीत काहीशे अंडी. नीमतेल त्या पिशवीच्या आत जातच नाही. वर शेंडा मुरडलेला, म्हणजे आतल्या किडीला छप्पर मिळालं. नाजूक असतात ती फक्त अंड्यातून नुकतीच बाहेर पडलेली पिल्लं. ती डोळ्यांना जेमतेम दिसतात, अंगावर मेण नसतं आणि नव्या जागेच्या शोधात फिरत असतात. साबण आणि नीमतेल यांचा खरा मारा त्यांच्यावरच बसतो. म्हणून आधी हातानं साफसफाई आणि मग पिल्लं निघतील तसतशी फवारणी, हाच क्रम.

पहिल्या दिवशी कात्री घ्या. आखडलेले सगळे शेंडे गाठीच्या खाली चार बोटं छाटा. कळ्या जातील म्हणून हात आखडता घेऊ नका, जास्वंद महिना-दीड महिन्यात नवीन फुटव्यावर फुलते. छाटलेलं लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड घट्ट बांधून दोन-तीन दिवस कडक उन्हात. कंपोस्टमध्ये नाही, खालच्या सोसायटीच्या बागेत तर अजिबात नाही. पिल्लं वाऱ्यावरही जातात. कात्री स्पिरिटनं पुसा.

उरलेल्या फांद्यांवरचा कापूस जुन्या मऊ टूथब्रशनं साबणाच्या पाण्यात बुडवून घासून काढा. पानांची बगल, फांद्यांचे बेचके, खोडाच्या सालीतल्या भेगा आणि कुंडीच्या काठाची आतली बाजू, या चार जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. चार-सहाच ढेकूण उरले असतील तर कापसाचा बोळा सर्जिकल स्पिरिटमध्ये भिजवून नुसता टेकवा. मेण विरघळतं आणि कीड तपकिरी पडते. कोवळ्या पानाला मात्र स्पिरिट लावू नका. मग पाइपच्या तोंडाशी अंगठा धरून जोराच्या धारेनं झाड खालून वर धुवून काढा. पानाची मागची बाजू धुतली नाही तर धुतल्याचा उपयोग नाही.

त्यानंतर मुंग्या. याकडे लोक सर्वात कमी लक्ष देतात आणि सगळी मेहनत इथंच वाया जाते. ढेकूण रस पिऊन जो गोड चिकटा टाकतात तो मुंग्यांचं अन्न. त्या बदल्यात मुंग्या ढेकणांची राखण करतात: ढालकिडे (लेडीबर्ड), त्यांच्या अळ्या आणि छोट्या परोपजीवी गांधीलमाश्या, सगळ्यांना हाकलतात. काळी काजळी त्याच चिकट्यावर वाढणारी बुरशी आहे. पानात शिरत नाही, फक्त ऊन अडवते. चिकटा थांबला की ओल्या फडक्यानं पुसून निघते, तिच्यासाठी वेगळं बुरशीनाशक नको.

मुंग्या रोखायला खोडाभोवती, मातीपासून वीतभर वर, कागदी चिकटपट्टीचे दोन वेढे घट्ट घ्या आणि त्यावर ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली बोटभर रुंद लावा. ग्रीस थेट सालीवर लावू नका, साल भाजते. झाडाची कुठलीही फांदी भिंतीला, कठड्याला किंवा शेजारच्या कुंडीला टेकता कामा नये. एक पान टेकलं तरी मुंग्यांना तेवढा पूल पुरतो. धूळ बसून जेली कोरडी पडते, म्हणून आठवड्याला पुन्हा लावा.

वारूळ संपवायचं असेल तर आमिष ठेवा: १०० मिली कोमट पाण्यात १० ग्रॅम साखर आणि १ ग्रॅम बोरिक पावडर. नीट विरघळू द्या, त्यात कापसाचे बोळे भिजवा, झाकणाला बारीक भोकं पाडलेल्या डबीत घाला आणि रांगेच्या वाटेवर ठेवा. पावडर जास्त घालायचा मोह आवरा. प्रमाण वाढलं की मुंग्या वाटेतच मरतात आणि आमिष राणीपर्यंत पोचत नाही. कॅरमची म्हणून मिळणारी प्रत्येक पावडर बोरिक नसते, औषधांच्या दुकानातून डबीवर नाव वाचून घ्या. तुमच्याकडे लहान मूल आहे, तेव्हा डबी कुंड्यांच्या मागे, वजनाखाली दाबून, मुलाचा हात पोचणार नाही अशीच ठेवायची. तशी जागा नसेल तर आमिष सोडा, ग्रीसचा पट्टा पुरेल.

आता फवारणी. साफसफाईनंतर दोन दिवसांनी पहिली, मग ५ ते ७ दिवसांच्या अंतरानं आणखी दोन-तीन. उरलेल्या अंड्यांतून पिल्लं टप्प्याटप्प्यानं निघतात, म्हणून एका फवारणीवर हे कधीच आटोपत नाही. पोटॅशियम सोप (झाडांवर फवारायचा साबण) मिळाला तर उत्तम, लेबलवरचं प्रमाण पाळा, साधारण लिटरला ५ ते १० मिली. साबण ओला असतो तेवढाच वेळ मारतो, सुकल्यावर त्याचा काही परिणाम उरत नाही. त्यामुळे धुकं उडवून चालत नाही, पान दोन्ही बाजूंनी निथळेपर्यंत भिजलं पाहिजे. भांड्यांचं लिक्विड वापरू नका. ते पानावरचा नैसर्गिक मेणाचा थर धुऊन काढतं.

तुमच्या नीमतेलाचं चुकलं ते दोन ठिकाणी. तेल नुसतं पाण्यात टाकलं की वर तरंगतं. पंपातून आधी नुसतं पाणी जातं आणि शेवटी शेवटी नुसतं तेल, ते ज्या पानांवर पडलं ती करपली. आणि सकाळी मारलंत, मग दिवसभर ऊन. तेलाचा थर असलेलं पान उन्हात भाजतं आणि त्यातलं अॅझाडिरेक्टिन हे किडीवर काम करणारं द्रव्य सूर्यप्रकाशात भराभर नासतं, म्हणजे गुण गेला आणि नुकसान राहिलं.

बरोबर पद्धत अशी. कपभर कोमट पाण्यात २ मिली पोटॅशियम सोप ढवळा. त्यात ५ मिली नीमतेल थेंबाथेंबानं सोडत जोरात घुसळा, ताकासारखं पांढरं झालं पाहिजे. मग पाणी घालून एक लिटर करा. पाच मिनिटं ठेवून बघा. वर तेलाचे डोळे दिसले तर पुन्हा घुसळा, तरी दिसले तर साबण थोडा वाढवा. ऊन उतरल्यावर फवारा, मध्ये मध्ये पंप हलवत राहा, उरलेलं दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. पारा ३२ अंशांच्या वर असेल, झाड तहानलेलं असेल किंवा नुकतंच कुंडीतून हलवलं असेल तर तेल नकोच. आधी दोन-तीन पानांवर मारून एक दिवस थांबा आणि मग सगळ्या झाडावर.

---

भिंगवाली

जास्वंदीबद्दल पाचट दादांनी लिहिलं ते पुरेसं आहे. मी मिरचीबद्दल लिहिते, कारण बोकड्या म्हणजे एक रोग नव्हे. तीन वेगवेगळ्या कारणांनी पान वाकडं होतं आणि तिन्हींना एकच फवारा मारणं हे मिरचीचं झाड जाण्याचं नेहमीचं कारण.

पान हातात घ्या. कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखं झालंय, मागच्या बाजूला शिरांजवळ चंदेरी-तपकिरी ओरखडे आहेत, तर फुलकिडे. पांढरा कागद खाली धरून शेंडा दोन-तीनदा झटका, मिलिमीटरभर लांबीचे पिवळसर, सुईसारखे किडे धावताना दिसतील. फुलंही झटकून बघा, ते तिथं लपतात.

कडा खालच्या बाजूला वळल्यात, म्हणजे होडी पालथी घातल्यासारखी, पान अरुंद आणि जाडसर झालंय, देठ लांब वाटतो, मागची बाजू काशासारखी चकाकते, तर तो कोळी, म्हणजे माइट. नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. घड्याळजींचं दहापट मोठं करणारं भिंग घ्या, पन्नास-शंभर रुपयांच्या आसपास मिळतं. बागकामाच्या सगळ्या सामानात मी त्याला पहिलं स्थान देते.

आणि पानं बारीक, खडबडीत, शिरांमध्ये पिवळसर, दोन पेरांमधलं अंतर कमी होऊन झाड झुडपासारखं गोळा झालंय, शेंडा झटकल्यावर पांढऱ्या माश्या उडतात, तर तो पर्णगुच्छाचा विषाणू. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. त्याला औषध नाही, सेंद्रिय नाही आणि रासायनिकही नाही. ते झाड काढायचं. पण उपटण्याआधी त्यावर साबणपाणी मारा, म्हणजे माश्या भिजून बसतील. मग पिशवी वरून चढवून मुळासकट उचला. तसंच उपटलंत तर हादऱ्यानं सगळ्या माश्या उडून शेजारच्या मिरचीवर जातील.

फुलकिड्यांना: पहाटे पाण्याची धार, दर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साबणपाणी, आठवड्याला एकदा नीमतेल. त्यांची कोषावस्था बरीचशी मातीत आणि गळलेल्या पाल्यात जाते, म्हणून कुंडीतला पालापाचोळा काढा, १२ इंची कुंडीला ५० ग्रॅम निंबोळी पेंड वरच्या दोन इंच मातीत मिसळा आणि त्यावर सुक्या, निरोगी पानांचं आच्छादन द्या. निळे चिकट सापळे फुलकिड्यांना, पिवळे पांढऱ्या माशीला आणि माव्याला. एवढ्या गच्चीला प्रत्येकी दोन भरपूर झाले, शेंड्याच्या जरा वर टांगा. सापळ्यानं कीड संपत नाही, तो तुम्हाला कीड वाढतेय की घटतेय एवढं सांगतो. त्यावर ढालकिडे आणि मधमाश्या अडकताना दिसल्या तर काढून ठेवा.

कोळ्याला: नीमतेल चालतं, पण सगळ्यात खात्रीचं म्हणजे पाण्यात मिसळणारं गंधक, ८० टक्के, लिटरला २ ग्रॅम. सेंद्रिय शेतीत त्याला परवानगी आहे. दोन पथ्यं कडक आहेत. ३२ अंशांच्या वर मारायचं नाही आणि तेलाच्या फवारणीनंतर किमान दोन आठवडे थांबायचं. तेल आणि गंधक एकत्र आले की पानं जळतात. तुम्ही नुकतंच नीमतेल मारलंय, तेव्हा आत्ता गंधक नको. आधी मुरडलेले शेंडे खुडा, धार मारा, साबण चालू ठेवा.

एक मुद्दा खताचा. फुटवा हिरवागार यावा म्हणून लोक जीवामृत, शेणस्लरी, पेंडीचं पाणी पाठोपाठ देतात. नत्र जास्त झालं की कोवळी, रसरशीत पानं येतात आणि रस शोषणाऱ्या प्रत्येक किडीला तेच हवं असतं. कीड असेपर्यंत नत्राचं खत थांबवा. एक तृतीयांश शेणखत मातीत आधीच आहे, झाड उपाशी राहणार नाही.

आणि एकदा वाकडं झालेलं पान पुन्हा सरळ होत नाही. उपाय लागू पडला की नाही हे जुन्या पानांवरून ठरवू नका, दोन आठवड्यांनी येणारी नवी पानं बघा. जुनी पानं बघत बसलं की माणूस निराश होऊन औषधं बदलत राहतो.

---

गच्ची_कोथरूड

खूप आभार दोघांचे. भिंग उद्याच आणतो. कागदावर झटकून बघितलं, दोन मिरच्यांवर पिवळे किडे धावले, पानं वर वळलेली आहेत, म्हणजे फुलकिडे. उरलेल्या दोन तशा बऱ्या आहेत.

दोन शंका. साबण पाण्यात घातला की पांढरी साय धरते आणि पंपाचं तोंड तुंबतं. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. दुसरं, छाटताना कापसातच एक मोठा, लांब पांढऱ्या झालरीचा किडा भराभर चालताना दिसला. ही ढेकणाचीच मोठी जात का? मारला नाही अजून, वाटीखाली झाकून ठेवलाय.

---

पाचट

त्याला मारू नका! वाटी उचला आणि लगेच झाडावर सोडा.

पिठ्या ढेकूण सुस्त असतो, हलला तरी रांगतो, लांबी ३ ते ५ मिलिमीटर. तुम्ही सांगताय तो भराभर चालतो, आकारानं दुप्पट-तिप्पट आणि झालर लांब. ती क्रिप्टोलीमस ढालकिड्याची अळी असणार. ढेकणासारखाच वेश घेऊन ती त्यांच्या वस्तीत फिरते आणि अंडी, पिल्लं, माद्या सगळं खाते. हा ढालकिडा मूळ ऑस्ट्रेलियाचा, भारतात १८९८ साली आणला गेला आणि नंतर इथलाच झाला. मोठा किडा ४ मिलिमीटरचा, काळपट पाठ, डोकं आणि मान नारिंगी. ठिपके नसतात, त्यामुळे हा ढालकिडा आहे हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही.

ढेकणांत आणखी एक जण असाच वेश करून असतो: एपफ्लाय या छोट्या फुलपाखराची अळी. तीही पांढऱ्या पुडीनं माखलेली, चपटी आणि ढेकणंच खाणारी. तिचा कोष माकडाच्या तोंडासारखा दिसतो, एकदा पाहिला की विसरत नाही. आणि फुगून तपकिरी झालेले, कडक, पाठीला गोल भोक पडलेले ढेकूण दिसले तर ते पुसून काढू नका. भोक पडलंय म्हणजे त्यातून परोपजीवी गांधीलमाशी बाहेर पडली आणि ती आसपासच आहे. भोक नसलेल्या तपकिरी ढेकणातून ती अजून निघायची आहे.

या छोट्या गांधीलमाश्यांची ताकद किती ते पपईच्या पिठ्यानं दाखवलं. ती कीड २००८ मध्ये कोइमतूर भागात प्रथम आढळली आणि पपई, तुतीचे मळे उद्ध्वस्त केले. २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून परोपजीवी माश्या आणून सोडल्या, त्यांतल्या असेरोफॅगस पपाये या जातीनं जे केलं ते फवाऱ्यांनी झालं नव्हतं. आपल्या गच्चीवर हीच मंडळी फुकट येतात, फक्त मुंग्या बाजूला ठेवाव्या लागतात आणि फवारा आंधळेपणानं मारायचा नसतो.

म्हणून आता बदल. ज्या जास्वंदीवर अळी दिसली तिथं सगळ्या झाडावर साबण किंवा नीमतेल नको. ग्रीसचा पट्टा लावा, ब्रशनं मोठे कापूस काढा, एखाद्या फांदीवर थोडे ढेकूण राहू द्या. ढालकिड्यांना खायला काही उरलं नाही तर ते निघून जातील. दुसऱ्या जास्वंदीवर अळी नसेल तर तिथं फवारणीचा कार्यक्रम चालू ठेवा. दर वेळी फवारण्याआधी दोन मिनिटं पान उलटून बघायचंच.

पाण्याचं: बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून साय करतात. जेवढी साय झाली तेवढा साबण वाया गेला, कीड मरत नाही ती यामुळेही. काचेच्या बाटलीत पाणी आणि साबण हलवून १५ मिनिटं ठेवा. दुधट एकसारखं राहिलं तर चालेल, वर साय किंवा तळाशी गाळ आला तर ते पाणी नको. नळाचं महापालिकेचं, साठवलेलं पावसाचं किंवा फिल्टरचं पाणी घ्या, फवारणीला दोन-तीन लिटरच तर लागतं. एसीचं निथळलेलं पाणीही मऊ असतं, स्वच्छ बादलीत धरलेलं असेल तर चालतं.

---

निंबोळी

दशपर्णीचा प्रश्न राहिला. शेतावर दशपर्णीला जागा आहे, तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत मी ती सुचवणार नाही. २०० लिटरच्या टाकीत महिनाभर आंबवायचं काम, दिवसातून दोनदा ढवळायचं, वास सगळ्या इमारतीत. पण खरं कारण वेगळं आहे. दहा पाल्यांत बहुतेक जण कण्हेर, धोतरा, रुई, घाणेरी, एरंड घालतात. कण्हेरीचं विष हृदयावर जातं, धोतऱ्यानं भ्रम होतो. आंबवल्यानं ही विषं खात्रीनं नाहीशी होतात असं समजू नका. ते पाणी रोज खुडायच्या कढीपत्त्यावर आणि पालेभाजीवर मारायचं, तेही घरात लहान मूल असताना, हे बरोबर नाही. झाडापासून केलं म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही.

तंबाखूचा काढा त्याहून वाईट. निकोटिन कातडीतून शरीरात जातं, मधमाश्या आणि ढालकिडे मारतं आणि तंबाखूतून येणारा मोझॅक विषाणू मिरची-टोमॅटोला लागतो. नीमतेलसुद्धा लहान मुलाच्या पोटात गेलं तर गंभीर त्रास होतो. बाटली औषधांच्या कपाटात, कुलपात ठेवा, पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवणं टाळा.

घरगुतीच करायचं असेल तर निंबोळी अर्क करा. उन्हाळ्याच्या शेवटी पिकलेल्या निंबोळ्या वेचा, गर धुवून काढा, बिया सावलीत वाळवा, उन्हात नको. बुरशी धरलेल्या बिया फेका. कोरड्या कापडी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये घाम धरतो. लागेल तेव्हा ५० ग्रॅम बी भरड कुटा, फडक्यात बांधून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी पुरचुंडी पिळत राहा पाणी दुधट होईपर्यंत, दोन पदरी कापडातून गाळा, २ मिली पोटॅशियम सोप घाला. म्हणजे ५ टक्के अर्क झाला. त्याच दिवशी संध्याकाळी संपवा. कच्च्या तेलापेक्षा तो पानाला सौम्य असतो. कीड त्यानं पटकन मरत नाही. तिची भूक आणि कात टाकणं बिघडतं, परिणाम दिसायला पाच-सहा दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी कीड जिवंत दिसली म्हणून पुन्हा मारू नका.

हवेत दमटपणा असेल, म्हणजे जून ते सप्टेंबर, तेव्हा व्हर्टिसिलियम लेकॅनी ही किडीवर वाढणारी बुरशी फार कामाची. लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी, आठ दिवसांनी पुन्हा. पुण्याच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ती रुजतच नाही, तेव्हा पैसे घालवू नका. पाकिटावरची तारीख बघा, दुकानात उन्हात ठेवलेलं पाकीट घेऊ नका, कारण आत जिवंत बीजाणू असतात. आणि गंधक, तांब्याचं औषध किंवा कुठलंही बुरशीनाशक त्याच आठवड्यात नको, नाहीतर तुम्हीच ती बुरशी माराल.

खाण्याच्या झाडांवर काहीही फवारायचं तर आधी काढणी करून घ्या, फवारणीनंतर तीन-चार दिवस थांबा, मग धुऊन वापरा. तुळशीला फक्त पाण्याची धार, दुसरं काही नको. फुलं देवाला वाहणार असाल तर कळी उमलायच्या बेतात असताना त्या फांदीवर नीमतेल मारू नका, पाकळ्यांवर डाग पडतात आणि वास राहतो.

---

परसदार_कुडाळ

धागा चांगला चाललाय म्हणून विचारतो. कढीपत्त्याच्या आणि लिंबाच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या आहेत, मोठ्या झाल्या की हिरव्या होतात आणि दोन दिवसांत फांदी बोडकी करतात. आणि पावसात गोगलगायी रोपं साफ करतात. मिठाचा उपाय सगळे सांगतात. तो कुंडीत चालेल का?

---

भिंगवाली

अळ्या लिंबाच्या फुलपाखराच्या. छेडल्यावर डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून उग्र वास सोडते ना, तीच. याला फवारा नको. कोवळ्या पानांवर मोहरीपेक्षाही लहान, पिवळसर गोल अंडी एकेकटी असतात, फुटवा आला की दर दोन दिवसांनी पानं बघून काढा. अळ्या हातानं उचला, चावत नाहीत. परसात जागा असेल तर लिंबूवर्गीय एखादं मोठं झाड त्यांच्यासाठी सोडा आणि तिथं नेऊन ठेवा, मोठ्या झाडाला काही फरक पडत नाही. रोप अगदी लहान असेल तर त्यावर मच्छरदाणीचं कापड बांधा. अळ्या फारच झाल्या तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे जिवाणूंचं औषध, लिटरला १ ग्रॅम, संध्याकाळी. ते फक्त पान खाणाऱ्या अळ्यांच्या पोटात काम करतं. मावा, फुलकिडे, ढेकूण यांना त्याचा काही उपयोग नाही, तिथं ते वाया घालवू नका.

मीठ कुंडीत किंवा वाफ्यात अजिबात टाकू नका, मुळं जळतात आणि मीठ मातीतून लवकर निघत नाही. संध्याकाळी ओलं गोणपाट वाफ्याच्या कडेला पसरा, त्याखाली पपईची सालं किंवा कोबीची पानं ठेवा. गोगलगायी रात्री तिथं जमतात. पहाटे उजाडण्याआधी गोणपाट उलटा, हातमोजा किंवा चिमटा वापरून वेचा आणि मीठ घालायचं ते बादलीतल्या पाण्यात घालून त्यात टाका. उघड्या हातानं धरू नका, त्यांच्या अंगावरच्या चिकट्यातून माणसाला अपाय करणारे जंत येऊ शकतात, पालेभाजीही त्यासाठी नीट धुवा. दुकानात मिळणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्र्या-मांजरांना मारतात, परसात त्या नकोत. सलग आठ-दहा दिवस वेचलं की फरक दिसतो. अंडी मातीत इंच-दोन इंच खोल, साबुदाण्यासारखी पुंजक्यात असतात, वाफा उकरताना सापडली तर तीही त्याच बादलीत.

---

पाचट

कोथरूडकरांना एक राहिलेलं. उपाय करूनही जास्वंद महिन्याभरानं मलूलच राहिली, पाणी दिलं तरी पानं लोंबतात, तर कुंडी आडवी करून मातीचा गोळा अलगद बाहेर काढा. मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या भिंतीवर पांढरे पिठाचे ठिपके दिसले तर मुळांवरचा पिठ्या आहे, वरची फवारणी त्याला पोचतच नाही. जुनी माती झटकून मुळं साध्या पाण्यात धुवा, काळी पडलेली मुळं कापा, कुंडी साबणानं घासून उन्हात तापवा आणि नवी माती भरताना १४ इंची कुंडीला १०० ग्रॅम निंबोळी पेंड मिसळा. जुनी माती काळ्या प्लॅस्टिकखाली मे महिन्यातल्या उन्हात पाच-सहा आठवडे ओली करून झाकून ठेवली तर पुन्हा वापरता येते. नवीन कुंडी नर्सरीतून आणली की दोन आठवडे बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा आणि विकत घेण्याआधी पानांची बगल आणि कुंडीचं तळाचं भोक, दोन्ही उलटून बघून घ्या.